एकास एकशे पाच

दर रविवारी सकाळी, पोह्यांनंतर आणि दुसऱ्या चहाच्या आधी, आमच्या जेवणाच्या टेबलावर एक माणूस मरायचा. त्याचं नाव बंडू. उंची साडेसतरा मिलिमीटर. नगरकर काकांनी तांब्याच्या तारेवर कथिल चढवून तो घडवला होता. अंगावर पांढरा रंग, डोक्यावर टोपीचा काळा ठिपका, आणि राहायला सर्दीच्या मलमाची रिकामी डबी, आत कापसाची गादी. आमच्यापैकी कुणाचंही जहाज, किंवा त्याचा एखादा भाग, पूर्ण झाला की काका खिशातून ती डबी काढायचे, चिमट्यानं बंडूला कमरेला धरून उचलायचे आणि त्या जहाजावर फिरायला न्यायचे. नियम साधा होता. शंभर पट लहान केलेल्या जहाजावर शंभर पट लहान केलेला माणूस जगला पाहिजे. दारातून त्याला ताठ मानेनं जाता आलं पाहिजे, जिना चढताना त्याचा गुडघा हनुवटीला लागता कामा नये, कठडा त्याच्या कमरेशी आला पाहिजे. यातलं काही चुकलं की बंडू मेला. आणि बंडू फिरत असेपर्यंत जहाज करणाऱ्यानं एक अक्षर बोलायचं नाही.

"बंडू सकाळी उठला," काका आकाशवाणीच्या बातम्या द्याव्यात तसे सुरू करायचे. "दात घासले. आता डेकवर येतो आहे. कठडा गुडघ्याएवढा. लाट आली. गेला." चिमटा टेबलावर टक् करून वाजायचा. "हा त्याचा धाकटा भाऊ. आईला अजून कळवलेलं नाही. हा जिना चढतोय. पायरी छातीएवढी. जोगळेकर, ही पायरी आहे की माडी?"

जोगळेकर म्हणजे माझे बाबा. त्यांनी दोन वर्षं खपून खाडीतली एक फेरीबोट केली होती. तिच्यावर बंडूच्या घराण्यातले सात जण गेले. सातव्यानंतर काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ही प्रवासी वाहतुकीची बोट नाही हो, स्मशान आहे. पण निराश होऊ नका. स्मशान म्हणून प्रमाण अचूक आहे." बाबा हसले. बँकेत साहेब ओरडला की ते असंच हसायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोहे अजून उरलेत, मेलेल्यांना देऊ का?" तेव्हा आम्ही सगळेच हसलो. फेरीबोट त्या दिवशी माळ्यावर गेली ती गेलीच.

माझी गत बाबांपेक्षा वाईट. सोळाव्या वर्षी मी वाळू वाहणारा बार्ज केला. त्याच्या केबिनला अतिशय देखणं, बिजागरीवर उघडणारं दार केलं आणि ते बाहेरच्या भिंतीला लावलं. त्या बाजूला डेकच नव्हता. बंडूनं दार उघडलं आणि थेट समुद्रात पाय टाकला. काकांनी चिमटा खाली ठेवला. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मिलिंदराव, दार मात्र छान उघडतं."

पुण्यात समुद्र नाही हे सगळ्यांना माहीत आहे. सहकारनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते कुणी मान्य केलेलं नव्हतं, एवढंच. दर रविवारी टेबलावर जुनी चादर पडायची, तिच्यावर प्लायवूड, पट्ट्या, चिमटे, बुधवार पेठेतून आणलेली बारीक तार, आणि आम्ही जेवायचो खाली फरशीवर. फोडणीच्या वासात थिनरचा वास मिसळायचा. आजही कुठे नव्यानं रंग दिलेला असला की मला भूक लागते. आईचं म्हणणं एवढंच होतं, की इतर बायकांचे नवरे रविवारी भाजी आणतात, माझ्याकडे बंदर येतं.

या बंदरात माणसं चार. बाबा, ज्यांनी समुद्र पाहिला होता तो किनाऱ्यावरून, पँट दुमडून. मी, ज्यानं बाबांची दुमडलेली पँट पाहिली होती. वानखेडे, यवतमाळकडचा, भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागलेला तिशीच्या आतला माणूस. तो आमच्या खालच्या मजल्यावर खोली घेऊन राहायचा, आणि त्यानं समुद्र पाहिलेलाच नव्हता. आणि चौथे नगरकर काका. या घरात खरं खारं पाणी प्यालेला एकटा माणूस. ते मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. सगळं आयुष्य त्यांनी कानाला यंत्र लावून बिनतारी संदेशांच्या टिंब-रेघांत काढलं. मग उपग्रह आले, नवी यंत्रं आली, आणि जहाजावर टिंब-रेघांचा माणूस ठेवायची गरज नाही असं जगभर ठरलं. काका पन्नाशीच्या अलीकडे घरी आले. एकटेच होते. राग आला की बोलायचे नाहीत, मधलं बोट टेबलावर वाजवायचे, टक टक्‌टक टक. आम्हाला त्यातलं काही कळत नसे. वानखेडेचं मत होतं की ते आईबहिणीवरून आहे.

आम्ही फक्त मालवाहू जहाजं करायचो, हाही काकांचाच कायदा. "युद्धनौका पोरं करतात. प्रवासी बोटी हलवाई करतात. जगाचा गहू, कोळसा आणि साखर जी बोट वाहते ती माणसानं करावी." यावर कुणी काही विचारलं की बोट टेबलावर वाजायचं.

मी कॉलेजात होतो त्या वर्षी काका एका रविवारी पोहे न खाता बसून राहिले. मग म्हणाले, "चंद्रकोर गेली." चंद्रकोर म्हणजे त्यांची बोट. नोकरीतली शेवटची आणि सलग सगळ्यात जास्त वर्षं तिच्यावर गेली होती. ती गुजरातच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली होती आणि माणसं तिला गॅसच्या ज्योतीनं कापत होती. काकांच्या जुन्या कॅप्टनचा फोन आला होता. कॅप्टन आता औंधला मुलीकडे राहायचे, मोतीबिंदू झालेला, काठी घेऊन चालायचे. "मी सरांना शब्द दिलाय," काका म्हणाले. "आपण चंद्रकोर करायची. सगळ्यांनी मिळून, एकास शंभर. दिवाळीनंतर शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन असतं, तिथं ठेवायची. सर येऊन बघतील. त्यांचे डोळे आहेत तोवर."

काकांनी आमच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. हुकूम दिले होते, पण मागितलं नव्हतं. त्यामुळे आम्ही सगळे जरा घाबरलोच.

इथे मला माझ्या कर्तबगारीकडे वळलं पाहिजे. बाबांची बँकेतली युनियन काही वर्षांपूर्वी संगणकाच्या विरोधात काळ्या फिती लावून उभी होती, आणि बाबा पहिल्या रांगेत. पुढे वारं फिरलं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागल्या, समोरच्या बिल्डिंगमधला दीक्षितांचा मुलगा अमेरिकेला गेला, आणि बाबांनी त्याच काळ्या फितीनं माझ्या क्लासच्या पुस्तकांचा गठ्ठा बांधून दिला. मी बी.कॉम. करत करत कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे काढायचा, कोर्स करत होतो. क्लासमध्ये वातानुकूलित खोली होती आणि चपला बाहेर काढाव्या लागायच्या. मी त्या खोलीत असा वावरायचो, की जणू तिचा गुरवच.

तोवर आमची पद्धत अशी होती. काका जुन्या आराखड्यावरून आकडे वाचायचे आणि प्रत्येकानं आपापल्या भागाचं चित्र पेन्सिलीनं, मोजपट्टी लावून, स्वतः काढायचं. बाबांची रेघ थरथरायची. मी जाहीर केलं की यापुढे पेन्सिल बंद. मी सगळी चंद्रकोर कॉम्प्युटरवर काढीन, छापून आणीन, तो कागद प्लायवूडवर चिकटवायचा आणि रेघेवरून कापायचं. चुकायला जागाच नाही. बाबांना एवढा आनंद झाला की त्यांनी क्लासची उरलेली फी त्याच दिवशी भरली.

मी काढली. आकडे अचूक घातले, हे माझे शत्रूही नाकारणार नाहीत. मग जहाजाचे सारखे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा एकेका कागदावर छापला. प्रत्येक वेळी छापायच्या आधी पडद्यावर एक लहानशी चौकट यायची आणि विचारायची, कागदात नीट मावेल असं करून देऊ का? मला ती चौकट फार सुसंस्कृत वाटली. पुण्यात इतकं आदबीनं कोण विचारतं? मी दर वेळी हो म्हटलं.

नगरकर काकांनी कागद हातात घेतला, उजेडाला धरला आणि परत दिला. "माझ्या भागाचं मी माझं काढतो." त्यांचा भाग म्हणजे मागची इमारत. बोट चालवायची खोली, अधिकाऱ्यांच्या खोल्या, जेवणघर, आणि डाव्या हाताला, चालवायच्या खोलीच्या मागे, रेडिओ रूम. "मिलिंदराव, तुमच्या यंत्राचा अपमान करत नाही. पण त्या इमारतीत मी झोपलेलो आहे."

"ठीक आहे," बाबा म्हणाले, "आपली आपली श्रद्धा." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. बाबांना मी त्याआधी डोळा मारताना पाहिलं नव्हतं.

पुढचे महिने मी सुखाचे म्हणून आठवतो. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग बाबांचा, मधली मालाची कोठारं वानखेडेची, सांगाडा आणि, शेंडेफळ म्हणून, इकडची तिकडची कामं माझी. फ्रेटसॉ करवतीची बारीक घरघर सकाळपासून चालायची, अधूनमधून पातं तुटल्याचा आवाज आणि वानखेडेची एक यवतमाळी शिवी, जी आईसाठी तो अर्ध्यात गिळायचा. कात्रजच्या दुधाच्या पिशव्या धुऊन आई वाळत घालायची, त्या आम्ही डिंक लावताना खाली अंथरायला पळवायचो. गणपतीत उकडीचे मोदक झाले तेव्हा बाबांनी तुपाच्या हातानं नाळ धरली आणि त्या जागी रंग कधीच बसला नाही. काका आपल्या इमारतीचं काम घरी करायचे. आठवड्याला खोकं घेऊन यायचे, झाकण उघडून थोडंसं दाखवायचे आणि बंद करायचे. एकदा छप्पर उचलून त्यांनी मला रेडिओ रूम दाखवली. नखाएवढं टेबल, त्यावर तारेच्या तुकड्याची टिंब-रेघांची कळ, भिंतीवर गोल घड्याळ. छप्पर बसल्यावर यातलं काही कुणाला दिसणार नव्हतं.

"हे कशाला केलंत काका? कोण बघणार?"

"सर बघतील. सरांना माहीत आहे छप्पर निघतं ते."

जोडणीचा रविवार आला. आमचे तीन भाग एकमेकांत असे बसले की वानखेडेनं जिथे सांधा होता तिथे नख फिरवलं आणि त्याला नख अडलं नाही. "वा जी! लोण्यावानी बसलं." पाच हात लांब बोट आमच्या टेबलावरून दोन्हीकडे बाहेर डोकावत होती. काकांनी खोक्यातून इमारत काढली, दोन्ही हातांनी उचलून मागच्या जागेवर आणली, आणि ती बसेना. डावीकडून बसवली तर उजवीकडून बोटभर बाहेर. उजवीकडून बसवली तर डावीकडून.

"काहून जी काका," वानखेडे म्हणाला, "हे तर मावूनच नाही राह्यलं."

काका वाकले. डोळा टेबलाच्या पातळीला आणून बराच वेळ बघत राहिले. "तुमचा डेक अरुंद आहे."

"तिघांचा?" बाबा म्हणाले. बाबांचा आवाज मला ओळखू आला नाही. तो बारीक, गोड, आणि चक्क आकाशवाणीचा होता. "तिघांचे भाग एकमेकांत बसतात. एकट्या नगरकरांचा बसत नाही. मग चूक कुणाची असते हो, नगरकर? तुम्ही शिकलेले आहात, सांगा."

"बंडूला फिरवा," काका म्हणाले. त्यांनी डबी काढून टेबलावर ठेवली. "माझ्या इमारतीत फिरवा. एका दारात जरी त्याचं डोकं लागलं तर मी इथे सगळ्यांसमोर कान पकडतो."

बाबांनी डबीकडे पाहिलं. हात लावला नाही. पोह्यांची ताटली पुढे ओढली, एक घास खाल्ला, आणि म्हणाले, "बंडू तुम्ही केलात. दारंही तुम्ही केलीत. बंडू तुमच्या दारातून जाणारच. त्यात काय विशेष? माझ्या फेरीबोटीवर सात माणसं मेली ती कुणाच्या मापानं मेली, हे आज कळलं."

वानखेडे फस्सकन हसला. मीही हसलो. फार वर्षं दाबलेलं हसू होतं ते, थांबेचना. काकांचं बोट टेबलावर वाजायला लागलं. बाबांनी आपलंही बोट टेबलावर वाजवलं, टक टक्‌टक टक, हुबेहूब. "हे माझं उत्तर," ते म्हणाले. "कळलं का? नाही ना? आम्हालाही कधी कळलं नाही."

"कॉम्प्युटर चुकत नाही काका," मी म्हणालो. हे वाक्य मी पुढे पंचवीस वर्षं पगार घेऊन गिऱ्हाइकांना सांगत आलो, आणि अखेर कंपनीनं शाल-नारळ देऊन मला घरी पाठवलं ते एका कॉम्प्युटरनंच माझं काम घेतल्यावर. पण तेव्हा ते वाक्य नवंकोरं होतं आणि मला ते वापरायला फार मजा आली.

काका उभेच होते. प्रदर्शन पुढच्या आठवड्यात. सरांना शब्द दिलेला. "मग काय करायचं म्हणता?" त्यांनी विचारलं. माझ्या आठवणीत नगरकर काकांनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"बोटभर कमी करा," बाबा म्हणाले.

"कुठून?"

आणि मग मी बोललो. मला वाटलं विनोद होतोय. "डावीकडची रेडिओ रूम काढा की काका. आता तशीही लागत नाही ना."

यावर मात्र वानखेडेही हसला नाही. काकांनी टेबलावरची करवत उचलली. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली, तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले, काकांच्या हातातली करवत पाहिली. "अहो, चहा तरी घ्या आधी. मग कापा काय कापायचं ते." काकांनी चहा घेतला. शेवटच्या घोटापर्यंत घेतला, कप बशीत ठेवला, छप्पर काढून बाजूला ठेवलं आणि डाव्या बाजूनं करवत लावली. बारीक दात होते, वेळ लागला. भुसा पडत होता तो त्यांनी तळहातावर घेतला. पट्टी सुटून टेबलावर आडवी पडली. तिच्यात घड्याळाची भिंत होती, अर्धं टेबल होतं, आणि कळ घरंगळून पोह्यांच्या ताटलीखाली गेली. त्यांनी उघड्या बाजूला कोरी पट्टी चिकटवून भिंत केली. इमारत जागेवर बसली.

"बसली," बाबा म्हणाले. "उगाच इतका वेळ घालवलात."

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बोट हॉलमध्ये नेऊन ठेवली. काका सरांना आणायची टॅक्सी ठरवायला गेले होते. वानखेडे पाटी लिहायला बसला. जहाजाचं नाव, मूळ लांबी, प्रमाण. सवयीनं त्यानं खिशातली पोलादी पट्टी काढून बोटीला लावली. मग पुन्हा लावली. मग उकिडवा बसला.

"जोगळेकर साहेब, हे कमी भरून राह्यलं."

"किती?"

"शंभराले पाच. सगळीकडे. कोठार मोजलं, नाळ मोजली. सारखंच कमी आहे." तो माझ्याकडे वळला. "कागदच लहान छापला बे तू."

मला ती सुसंस्कृत चौकट आठवली. मी ते सांगितलं. सगळं शांतपणे ऐकून घेऊन वानखेडे म्हणाला, "म्हणजे काकाचंच बरोबर होतं न जी."

बाबा बोटीकडे बघत होते. इतकी सुंदर वस्तू त्यांच्या हातून आयुष्यात झाली नव्हती. रंग, दोऱ्या, साखळ्या, सगळं जिथल्या तिथे. आणि त्या क्षणी मला ती युक्ती सुचली. दहावीच्या निकालालासुद्धा बाबांनी मला ज्या नजरेनं पाहिलं नव्हतं ती नजर मला त्या युक्तीनं मिळाली.

"पाटीवर प्रमाण एकास शंभर लिहूच नका," मी म्हणालो. "एकास एकशे पाच लिहा. बोट बरोबर होते."

बाबांनी मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. खरोखरच बोट बरोबर होत होती. एक आकडा बदलला की आमची सगळी चूक नाहीशी आणि राहिलेली सगळी चूक नगरकर काकांची.

"अन् काकांनी कापलं त्याचं?" वानखेडेनं विचारलं.

"त्यांनी स्वतःच्या हातानं कापलं," बाबा म्हणाले. "आपण करवतीला हात लावला होता का? लिही तू."

दुसऱ्या दिवशी काका लवकर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. सर दहा वाजता येणार होते. हॉलमध्ये गर्दी व्हायला लागली होती, आणि सगळ्यात जास्त आमच्या टेबलाशी. काकांनी लांबून बोट पाहिली, हात मागे बांधून तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि पाटीशी थांबले. त्यांना पाटी समजायला फार वेळ लागला नाही. मी बघत होतो. आधी ते पाटीकडे बघत होते, मग डेककडे, मग मागच्या इमारतीच्या डाव्या भिंतीकडे. त्यानंतर ते कुठेच बघत नव्हते.

"मिलिंदराव. एकशे पाच?"

"हो काका." मी पाटी सरळ केली. "तसंच ठरवलं होतं."

"असं." त्यांनी खिशातून मलमाची डबी काढली, उघडली आणि माझ्या हातात दिली. दुसऱ्या खिशातून बारीक कानस काढली, तीही दिली. "मग हा उंच होतो. एकशे पाचात याची उंची जवळजवळ एक मिलिमीटर कमी पाहिजे. घासा."

"काका, आता कशाला..."

"घासा. चुकीच्या मापाचा माणूस बोटीवर कसा चालेल? तुमच्या वडिलांना विचारा, सात गेले होते. कुठून घासता? डोक्याकडून की पायाकडून?"

"नगरकर," बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट थोडंच आहे."

आणि लोक खरंच बघत होते. शाळेची पोरं पुढे घुसली होती. मी बंडूला चिमट्यात धरलं आणि पायाकडून घासायला लागलो. पहिल्या दोन हातांत पांढरा रंग गेला, मग कथिल, आणि पायांच्या जागी तांब्याची तार उघडी पडली. "सावकाश," काका वरून सांगत होते, "एवढं नको, बुटका होईल. आता डावा. डावा राहिला. हां. उभा करून बघा." उभा केला, तर तो उभा राहीना. काकांनी त्याला माझ्या हातातून घेतला, कोठाराच्या झाकणावर आडवा ठेवला आणि म्हणाले, "विश्रांती घेतोय."

मग त्यांनी खिशातून पातं काढलं. मला वाटलं आता सगळी बोट जाते. बाबा एक पाऊल पुढे आले. पण काकांनी नाळेवर वाकून, जीभ दातांत धरून, फक्त 'चंद्रकोर' ही अक्षरं खरवडली. नंतर मागे जाऊन तिथलीही खरवडली. खालचा रंग त्यांनी जराही दुखावला नाही. पाटीवरच्या नावावर त्यांनी पट्टी लावून काट मारली. "बोट तुमची," ते बाबांना म्हणाले. "छान झाली आहे. नाव माझ्याकडे राहू दे."

कॅप्टन आले ते वेळेवर, काठी टेकत, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात मफलर. काका दारापर्यंत धावत गेले. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, कारण कॅप्टन कानानंही कमी होते आणि काका मोठ्यानं बोलत होते.

"कुठे आहे रे आपली?"

"झाली नाही, सर. वेळेत होऊ शकली नाही."

"अरेरे. मी मुलीला सांगून आलो होतो."

"चूक माझी आहे, सर. मापात घोळ झाला. चला, तिकडे पोस्टाची तिकिटं फार चांगली आहेत." आणि काका त्यांना कोपराला धरून हॉलच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. तिकिटं झाली, काड्यापेट्या झाल्या, बोन्साय झाले. आमच्या टेबलाकडे काकांनी मान वळवली नाही. वानखेडे माझ्या शेजारून कधी निघून गेला ते मला कळलं नाही. नंतरच्या रविवारी तो खालून वर आला नाही.

निघायच्या वेळेस काका टॅक्सी बघायला बाहेर गेले आणि कॅप्टन एकटेच, काठी टेकत, गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आले. बाबांनी त्यांना जागा करून दिली. ते वाकले, इतके वाकले की चष्मा डेकला टेकतो की काय असं वाटलं. नाळेपासून मागेपर्यंत त्यांनी सगळी बोट सावकाश पाहिली. हळूच हात पुढे केला आणि कुणी न सांगता मागच्या इमारतीचं छप्पर उचललं.

"सुरेख काम," ते म्हणाले. "कुठली बोट?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

"कुठली नाही सर," मी म्हणालो. "अशीच. मनानं केली आहे."

"तरीच." त्यांनी एक बोट आत घातलं आणि डाव्या भिंतीच्या आतून फिरवलं. "रेडिओ रूमच नाही हिला. एवढी मोठी बोट, आणि बोलायला कुणी नाही."

"राहून गेलं," मी म्हणालो. "नंतर घालू."

"घाला." त्यांनी छप्पर जपून परत बसवलं आणि काठी सावरली. "पण नुसती खोली नका घालू. आत माणूस बसवा."